जास्तच घासलेली जागा

आमच्या शाळेतल्या मावशींची गोष्ट हल्ली समुपदेशक बाई शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगतात. छान सांगतात, पण अर्धीच सांगतात. त्यांच्या गोष्टीतल्या मावशी फार प्रेमळ, मुलांना कुशीत घेणाऱ्या वगैरे असतात. मी तरी मावशींना कुणाला कुशीत घेताना पाहिलेलं नाही. बादली ओलांडून गेलेल्या मुलाला त्या परत बोलवायच्या आणि बादलीला वळसा घालून जायला लावायच्या. सगळी शाळा त्यांना पाठीमागे फिनेलबाई म्हणायची, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. मी तिसरीची वर्गशिक्षिका. झालं ते मी समोर उभी राहून पाहिलंय, तेव्हा उरलेली अर्धी मी सांगते.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. शाळेत येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी एका हॉस्पिटलातल्या ऑपरेशनच्या खोल्या धुतल्या. तिथून येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, गुडघेदुखी आणि डागांशी हाडवैर. घरी निवृत्त बसड्रायव्हर नवरा. त्याला बस सोडून काहीही चालवता येत नाही, घर तर नाहीच, असं त्या म्हणायच्या. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. शाळेत त्यांचं जमायचं ते एकट्या वॉचमनकाकांशी. सव्वाअकराला दोघं मागच्या फाटकाशी चहा प्यायचे आणि भांडायचे. भांडणाचा विषय ठरलेला, काकांचे चिखलाचे बूट.

एका शनिवारी शाळा सुटून तास झाला होता, मुलं घरी पोचली होती. मागच्या फाटकातून कुणीतरी सायकल चोरून नेत होता, त्याला काकांनी अडवलं. त्यानं चाकू काढून त्यांच्या पोटात खुपसला. तशा अवस्थेत काका व्हरांड्यातून मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत आले, कारण मावशी आत फरशी घासत होत्या. दाराबाहेरच ते पडले. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचं डोकं मावशींच्या मांडीवर होतं. काका वाचले नाहीत. मारणारा त्याच संध्याकाळी पकडला गेला.

रविवारी पोलिसांनी जागा मोकळी करून दिली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, रक्त धुवायला बाहेरून माणसं बोलावणार होत्या. मावशी म्हणाल्या, "त्यांचं आहे. मीच करीन." आणि त्यांनी ते हॉस्पिटलच्या शिस्तीत केलं, आधी साबण, मग ब्रश, मग ॲसिड, मग पुन्हा ॲसिड. डाग गेला, पण त्याबरोबर आमच्या जुन्या करड्या फरशीचा रंगही गेला. दाराबाहेर दोन उशांएवढी जागा पांढरी फटक पडली. आयुष्यभर डाग काढलेल्या बाईच्याच हातून अशी चूक होते. दुसरं कुणी कंटाळून कितीतरी आधी थांबलं असतं.

सोमवारी सकाळी सूचनावही फिरली. मुलांसमोर या विषयावर अवाक्षर काढायचं नाही, काका रजेवर गेलेत असं सांगायचं. आम्ही सगळ्यांनी सह्या ठोकल्या, मावशींनीसुद्धा. मी वर्गात जाऊन इतक्या सफाईनं थाप मारली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. मुलांनी काही पाहिलेलं नव्हतं, म्हणजे त्यांना काही झालेलं नाही, अशी आमची सोयीची समजूत होती.

पुढच्या मंगळवारी मावशी शिक्षकांच्या खोलीत आल्या. हातात साबणाची वडी होती. "गेल्या सोमवारी ठेवलेली," त्या म्हणाल्या. वडीवर कोरलेली अक्षरंही अजून शाबूत होती. तळमजल्यावरचं ते स्वच्छतागृह माझ्या तिसरीतल्या मुलींचं. एरवी वडी चार दिवसांत पातळ होते आणि मधल्या सुट्टीनंतर तिथं तळं साचतं.

"बाई, तुमच्या पोरी जातच नाहीत. एकही नाही. दिवसभर दाबून ठेवतात."

"पाणी कमी पीत असतील," मी म्हटलं.

मी चिखलाच्या बुटांनी आत आल्यासारखं मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि वडी घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी बटण तापानं फणफणली. वर्गात सगळ्यात चिमुकली म्हणून तिला सगळे बटण म्हणत. लघवीला जंतुसंसर्ग झाला होता. चार दिवस ती हॉस्पिटलात होती. पोरगी पाण्याची बाटली भरलेलीच घरी नेत होती. प्यायचंच नाही, म्हणजे जायला नको. पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडाला इजा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. सोमवारी तिची आई तिला वर्गाच्या दारात सोडताना रडवेली झाली होती. "बाई, तिला जायला लावा हो. कारण विचारलं की ओठ मिटून घेते." समुपदेशक बाईंची वेळ गुरुवारची मिळाली होती. मधल्या सुट्टीपर्यंत बटणनं पाण्याचा थेंबही घेतला नाही.

मी तिचा हात धरून निघाले. व्हरांड्याच्या वळणावर तिचे पाय थिजले. स्वच्छतागृहाच्या दाराशी मावशी स्टूल टाकून बसल्या होत्या. बुधवारपासून रोज मधल्या सुट्टीत त्या तिथं बसायच्या आणि पोरी कुठवर येतात, कुठून मागे फिरतात, हे डोळ्यांत तेल घालून बघायच्या. सगळ्या त्या पांढऱ्या जागेच्या अलीकडूनच परत फिरतात, हे त्यांनी हेरलं होतं.

"इकडं ये," मावशी म्हणाल्या. "ह्याच्यावर पाय का देत नाहीस?"

बटण माझ्यामागे सरकली.

"मी रागावणार नाही. आजच्या दिवस तरी नाही."

बटणनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "काकांना लागेल."

"काय?"

"काका खाली आहेत ना. म्हणून तर नवीन फरशी बसवलीय."

आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं. काका रजेवर गेले तर त्यांची टोपी खुंटीवर कशी? रजेवर जाणारा माणूस टोपी घालून जातो. काकांचं नाव काढलं की मोठी माणसं गप्प होतात. कुणाच्या तरी ताईनं चाकूचं सांगितलं होतं. आणि सोमवारी येऊन बघतात तर इथं एवढंच पांढरं. वर्गातल्या सतरा पोरींनी मिळून उलगडा केला होता आणि एकमेकींना शपथ घातली होती की बाईंना कळू द्यायचं नाही, बाईंना वाटतंय काका रजेवर आहेत, त्यांना वाईट वाटेल. बाई म्हणजे मी. पंधरा दिवस मी त्यांना जपतेय असं समजत होते आणि ही एवढीएवढीशी माणसं मला जपत होती.

मला वाटलं, मावशी आता माझ्याकडे बघतील. सूचनावहीवर त्यांचीही सही होती, आणि माझी नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती, त्यांचं तसं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या उठल्या आणि सरळ त्या पांढऱ्या जागेवर मांडी घालून बसल्या. बसताना दोन्ही गुडघे वाजले.

"काका खाली नाहीत. एका माणसानं त्यांना चाकू मारला, आणि ते वारले. तो माणूस पकडलाय, तुरुंगात आहे. काकांना त्यांच्या घरच्यांनी नेलं, नीट निरोप दिला. मी गेले होते. हे पांढरं मी केलंय. इथं रक्त होतं, ते काढताना ॲसिड जास्त झालं. फरशी जुनीच आहे. बघ हात लावून."

बटणनं वाकून बोटांनी चाचपलं. तेच खडे, तीच जुनी भेग.

"त्यांना दुखलं?"

"दुखलं. थोडा वेळ. मग नाही."

"तुम्ही होतात?"

"होते. त्यांचा हात धरला होता."

बटण माझ्याकडे वळली. "मग बाई खोटं बोलल्या."

"हो," मी म्हटलं. "खोटं बोलले. चुकलं माझं." इतकी वर्षं वर्गापुढे उभी राहतेय, पण एवढी लहान वाक्यं इतकी जड कधी गेली नव्हती.

समुपदेशक बाई गोष्ट इथंच संपवतात. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ती सूचना रद्द करून वर्गावर्गात खरं सांगायला लावलं आणि मावशींना कुणी काही बोललं नाही, हेही त्यात असतं. पण बटण अजून तिथंच उभी होती, आणि तिचं समाधान झालेलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही जाता आत?"

"दिवसातून दोनदा घासते की."

"घासायला नाही. जायला."

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नाही जात," शेवटी त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावरच. आतून कडी लावली की वाटतं, बाहेर कुणीतरी आलंय आणि मला कळलंच नाही."

सोळा दिवस झाले होते. सतरा पोरींवर नजर ठेवणाऱ्या या बाईकडे आमच्यापैकी एकानंही पाहिलं नव्हतं. तुम्ही कशा आहात, एवढंही कुणी विचारलं नव्हतं. मला मान वर करवेना.

बटणनं थोडा विचार केला. "मी उभी राहते बाहेर. तुम्ही जा."

"अगं, एवढीशी तू."

"मला ओरडता येतं."

आणि तिनं त्या पांढऱ्या जागेवर आधी एक पाऊल ठेवलं, मग दुसरं. व्हरांड्याकडे तोंड करून ती ताठ उभी राहिली. मावशी हाताचा आधार घेत उठल्या. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं, आणि असं मी त्यांच्या बाबतीत प्रथमच पाहत होते. मग त्या आत गेल्या. कडी लागली.

मग आतून आवाज आला, मी ओळखलाही नाही इतका बारीक.

"आहेस ना गं?"

"आहे," बटण म्हणाली. "कुणी आलेलं नाही. तुम्ही सावकाश होऊ द्या."

आत मावशी रडायला लागल्या. मी पुढं झाले तर बटणनं हात आडवा करून मला थांबवलं. त्या आठ वर्षांच्या पोरीपुढे मी थक्क होऊन उभी राहिले. हे तिला कुणी शिकवलं, मला आजही कळलेलं नाही.

मावशी तोंड धुऊन बाहेर आल्या.

"आता मी," बटण म्हणाली. "तुम्ही इथंच थांबा. बाई, तुम्हीपण."

आम्ही दोघी त्या पांढऱ्या जागेवर शेजारी शेजारी उभ्या राहिलो. आतून दर थोड्या वेळानं "आहात ना?" असं यायचं, आणि आम्ही दोघी एकदमच "आहोत" म्हणायचो.