चार कांदे, चाळीस पानं

तारीख ठरवताना आमच्यापैकी कुणीच मराठी महिना पाहिला नाही. जुलैचा पहिला आठवडा, एवढंच पाहिलं. ह्यांना ऑफिसातून रजा तेव्हाच मिळत होती, आणि ह्यांच्या एका मित्रानं मोबाईलवर बसल्या बसल्या बालीची विमानाची तिकिटं काढून दिली. माझा पासपोर्ट लग्न ठरलं तेव्हाच काढला होता, त्यावर अजून माहेरचंच नाव होतं. लग्न मेच्या शेवटी झालं. सोलापुरातल्या सासरच्या तीन खोल्यांतून पाहुणे अजून हलले नव्हते. तिकिटांचा कागद ह्यांनी देवापुढं ठेवला, सासूबाईंनी त्याला हळदीकुंकू वाहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. चूक तेव्हाच होऊन गेली होती. ती लक्षात आली दुधनीला बसलेल्या माझ्या अव्वाच्या, जिला वाचता येत नाही.

अव्वा म्हणजे माझी आई. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आखाडाचं काय?"

आमच्या सीमेकडच्या भागात नव्या सुनेनं पहिला आषाढ माहेरी काढायचा असतो. त्या महिन्यात सासू-सुनेनं एकच उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर सासूला बाधतं, असं मानतात. जावयानंही सासरवाडीला फिरकायचं नाही. मी बी.एड. झालेली मुलगी, हे सगळं खरं मानत होते का, असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. पण सासूबाईंना काही होईल असं मी काही करणार नव्हते, एवढं नक्की. आणि आमचा प्रवास आषाढ लागल्यानंतर बरोबर आठव्या दिवशी होता. ऑफिसच्या कॅलेंडरवर फक्त सुट्ट्यांचे लाल आकडे होते. तिथी कुणी बघितलीच नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी भाकरी थापता थापता निकाल दिला. "उंबरा माझ्या घराला हाय. इमानाला कुटं उंबरा असतोय? तिनं माहेराहून निघावं, त्यानं हितनं निघावं. वाटेत भेटा की."

असं ठरलं. आषाढ लागायच्या आदल्या दिवशी मी दुधनीला आले. पाच दिवस बालीत, आणि परत आल्यावर पुन्हा माहेरी, श्रावण लागेपर्यंत.

मला त्या पाच दिवसांकडून काय हवं होतं, ते सांगायला हवं. लग्नाआधी मी ह्यांच्याशी दोनदा बोलले होते, दोन्ही वेळा समोर मोठी माणसं बसलेली. लग्नानंतर चार आठवडे एका घरात राहिलो, पण ते घर पाहुण्यांचं होतं. त्यांना चहात साखर किती लागते हे मला कळलं होतं, पण ते कशावर हसतात हे माहीत नव्हतं. हा माणूस माझ्या ओळखीचा व्हावा, एवढंच मला हवं होतं. आणि त्यासाठी मिळालेले दिवस पाच होते.

दुधनीचं आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. अप्पा आडत बाजारात हमाली करायचे, तुरीची पोती उचलायचे. त्यांच्या पाठीवरून मी कॉलेजपर्यंत गेले, हे मी कधी विसरले नाही. त्या घरात फोन आला की तो सगळ्यांचा असतो. हे संध्याकाळी फोन करायचे तेव्हा अव्वा ज्वारी निवडत शेजारी बसलेली असायची आणि अप्पा पडवीत उगाच खाकरायचे. अशा वेळी नवराबायकोनं काय बोलायचं? आम्ही सामानाबद्दल बोलायचो.

"टोपी घेतलीस का?"

"घेतली."

"तिकडं ऊन असणार आहे. सुती कपडे घे."

"घेते."

"आणि टॉवेल?"

टॉवेलबद्दल त्यांनी मला तीन वेळा विचारलं. टॉवेल विणणाऱ्या गावातला माणूस टॉवेल विसरेल कसा? पण चौथ्यांदा विचारलं असतं तरी मी चौथ्यांदा "घेतला" म्हटलं असतं. फोन ठेवला की मी ते शब्द मनात पुन्हा म्हणून बघायची. टोपी. टॉवेल. चप्पल भिजली तर चालेल अशी.

बाहेर आभाळ भरलेलं, काळ्या मातीचा चिखल पायाला चिकटत होता, आणि मी ट्रंकेतून उन्हाळ्याचे कपडे पुन्हा वर काढत होते. अव्वानं ते कडुनिंबाचा पाला घालून नुकतेच ठेवून दिले होते. सगळ्या कपड्यांना तो कडू वास लागला होता.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुला वाचायला काय आवडतं? वाचनालयातून घेऊन ठेवतो, सुट्टीत होईल."

मला लाज वाटली. आमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर सोडलं तर वाचायला काही नव्हतं. मी खरं ते सांगितलं, की परीक्षेला नव्हतं असं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. पलीकडून हसू येईल म्हणून मी थांबले.

"मग बरंय," ते म्हणाले. "कुठूनही सुरू करता येईल."

अव्वानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा ज्वारीत खाली घातली.

निघायच्या दिवशी अव्वानं माझ्या बॅगेत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी ठेवली, आणि कपड्यांच्या घडीत दोन कांदे सरकवले. उन्हात जायचं तर जवळ कांदा हवा, म्हणजे ऊन बाधत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. "असू दे की," ती म्हणाली. "तिकडचं ऊन कसलं असतंय कुणाला ठावं." मी ते तसेच राहू दिले. काढून ठेवले असते तर तिला वाईट वाटलं असतं.

बंगळूरची गाडी दुधनीला थांबत नाही. हे सोलापुरातून त्या गाडीत बसणार, आणि मी गुलबर्ग्याला चढणार, असं ठरलं होतं. अप्पा मला बसनं गुलबर्ग्याला घेऊन गेले. नवी बॅग चाकांची होती. अप्पांनी ती स्टेशनच्या पायऱ्यांपासून फलाटाच्या टोकापर्यंत खांद्यावर नेली. मी म्हटलं, अप्पा, ती ओढायची असते. ते म्हणाले, "चाकं झिजतील की. लांब जायचंय तिला."

गाडी आली. हे दारात उभे होते. अप्पांनी बॅग त्यांच्या हातात दिली, आणि आषाढात जावयाशी किती बोलावं हे न कळून दोन पावलं मागं सरले.

पहिला दिवस आम्ही फार सभ्यपणे काढला. बंगळूरच्या विमानतळावर मी पहिल्यांदा विमान जवळून पाहिलं. मला खूप काही वाटलं होतं, पण मी एवढंच म्हणाले, "मोठं असतं." ते म्हणाले, "हो ना." त्यांचंही पहिलंच विमान होतं, हे मला पुढं कळलं.

बालीला उतरल्यावर तिथल्या तपासणीच्या बाईंनी माझी बॅग उघडायला सांगितली. त्यांनी घडीतून दोन कांदे काढून टेबलावर ठेवले आणि इंग्रजीत विचारलं, हे काय? कांदा हा शब्द मला इंग्रजीत येत होता. तो कशाला आणलाय, ते सांगता येत नव्हतं. मी आकाशाकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोक्याकडं. बाई गंभीरपणे बघत राहिल्या. मी मदतीसाठी ह्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांचा चेहरा लालबुंद झालेला. बाईंनी त्यांचीही बॅग उघडायला लावली. आत, टॉवेलाच्या घडीत, सासूबाईंनी ठेवलेले दोन कांदे होते.

टेबलावर चार कांदे एका ओळीत. आधी ह्यांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, मग माझ्या. हसू आवरेना. बाईसुद्धा शेवटी हसल्या आणि चारही कांदे त्यांनी एका डब्यात टाकले. टॅक्सीत बसल्यावर हे म्हणाले, "आता आपलं काही खरं नाही. ऊन लागणार." मी म्हटलं, "तुम्ही मोबाईलवर टोपी, टॉवेल सगळं विचारलंत. कांदा विचारला असता तर एका घरचा तरी वाचला असता." असं लांब वाक्य मी त्यांच्याशी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. पुढं कळलं की दोन्ही घरांनी चटणी दिली होती, दोन्ही घरांनी चादर दिली होती, आणि टूथपेस्ट आम्ही दोघांनीही आणली नव्हती. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा आणेल.

ऊन सोलापूरच्या मानानं काहीच नव्हतं. तिथं रोज सकाळी बायका दारापुढं पानाच्या छोट्या द्रोणात फुलं आणि भाताची शितं ठेवायच्या. प्रत्येक दारापुढं. मी प्रत्येक द्रोण जपून ओलांडायची. एकदा मी म्हटलं, इथंही उंबरा आहेच की. ते म्हणाले, आईला सांगू नकोस.

दुपारी आम्ही पुस्तक वाचायचो. त्यांनी वाचनालयातून एकच आणलं होतं, नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची कादंबरी. तिचा धाकटा भाऊ घर सोडून गेलेला असतो, आणि रोज पलीकडच्या काठावरून हाक आली की तिला वाटतं, तोच आला. हे मोठ्यानं वाचायचे. पण त्यांचं वाचन रेल्वेच्या घोषणेसारखं, सगळं एका सुरात. दुसऱ्या दुपारी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "अहो, पूर्णविरामाला थांबा की जरा. ती रडतेय तिथं." त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मग आम्ही एकेक प्रकरण वाटून घेतलं. समुद्र समोर होता, पण त्याचं मला फारसं आठवत नाही. त्यांनी उशीला टेकून डोळे मिटून ऐकणं आठवतं. मी थांबले की डोळे न उघडता "मग?" म्हणणं आठवतं.

पाच दिवसांत पुस्तक संपलं नाही. परतीच्या गाडीत उजाडल्यावर आम्ही घाईघाईनं वाचत होतो, आणि गुलबर्गा आलं. चाळीस पानं राहिली होती. पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारली होती आणि बाईनं नाव पाण्यात सोडली होती. पुस्तक वाचनालयाचं, म्हणून ते त्यांच्याकडं राहिलं. त्यांनी बालीच्या विमानाचा बोर्डिंग पास त्या पानात घातला.

"पुढचं मी वाचणार नाही," ते म्हणाले.

मी खाली उतरले. अप्पा फलाटावर उभे होते, बॅग खांद्यावर घ्यायच्या तयारीत. गाडी निघाली. आम्ही बसची वाट बघत होतो तेव्हा मोबाईलवर त्यांचा निरोप आला. दोनच शब्द होते. दुधनी गेलं.

माझं गाव त्यांच्या खिडकीतून मागं गेलं होतं, आणि मी अजून तिथं पोचायची होते. ते वाचून मला जे झालं, त्याला तेव्हा माझ्याकडं शब्द नव्हता. आजही नाही.

आषाढाचे सतरा दिवस राहिले होते. मी भाकरी करायची, अव्वाबरोबर शेंगा फोडायची, नोकरीसाठी अर्ज लिहायची. संध्याकाळी फोन यायचा. जेवलीस का, पाऊस आहे का, चादर वाळली का. माझा उतरलेला चेहरा बघून गावात सगळ्यांना हसू येत होतं. कुणीतरी अव्वाला म्हणालंही, पोरगी परदेशाहून आलीय की आजारपणातून उठलीय? मी परतल्यापासून बाराव्या दिवशी त्यांनी अपराध्यासारखं सांगितलं की पुस्तक परत करावं लागलं, दुसऱ्या वाचकानं नोंदवलं होतं. बोर्डिंग पास तेवढा त्यांनी काढून ठेवला होता.

श्रावण लागला, मी सोलापूरला आले. मग मला शाळेत नोकरी मिळाली, मग लेक झाली. चार वर्षांपूर्वी एका पुस्तक प्रदर्शनात त्यांना तीच कादंबरी दिसली. घरी आणून त्यांनी अंदाजानं पान शोधलं आणि जपून ठेवलेला पास त्यात घातला. म्हणाले, रविवारी वाचू. ते पुस्तक तेव्हापासून कपाटात आहे. आम्ही भांडतो असं नाही. माणूस चांगला आहे, आणि त्याच्याशी ओळख झाली आहे, मागितलं होतं ते सगळं मिळालं. दूध आणलं का, गॅस सांगितला का, लेकीची व्हॅन आली का, असं दिवसभर बोलणं चालू असतं. पण फोन ठेवल्यावर मनात पुन्हा म्हणून बघावेत, असे ते शब्द आता राहिलेले नाहीत.

यंदा आषाढ लागला तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, चार दिवस दुधनीला जाऊन येते. त्या म्हणाल्या, "आता कसला आखाड तुला? जुनी झालीस की." आणि मग माझ्याकडं जरा बघून म्हणाल्या, "जा. पोरीचं मी बघते."

जाताना मी पुस्तक बॅगेत टाकलं.

संध्याकाळी फोन आला. अव्वा शेजारीच होती, आता तिला नीट ऐकूही येत नाही. त्यांनी विचारलं, पोचलीस? मी म्हटलं, पोचले. लेकीचं सांगून झालं, शाळेचं सांगून झालं. फोन ठेवायची वेळ आली असं वाटलं, तेवढ्यात ते म्हणाले, "टोपी घेतलीस का?"

बाहेर आठवडाभर ऊन पडलं नव्हतं.

"घेतली," मी म्हटलं. "कांदा पण हाय." ते हसले. मग मी सांगितलं, "पुस्तक आणलंय. वाचू का पुढचं?"

"नको. एकटी वाचू नकोस."

"मग कधी?"

तेवढ्यात गाडीचा आवाज आला, गावाच्या अंगावरून धडधडत जाणारा. त्यांनाही तो फोनमध्ये ऐकू गेला असावा. गाडी लांब जाईपर्यंत आम्ही दोघं थांबून राहिलो.

"बंगळूरची का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अजून थांबत नाही?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही थांबत."