तुरीच्या शेंगांची पोस्ट

नोकरीसाठी माणसं कशी निवडावीत, यावर मी रोज सकाळी नोकरदारांच्या त्या साइटवर ज्ञान पाजळायचो. खरं तर अमरावतीतलं आमचं बियाणे कंपनीचं कॉल सेंटर म्हणजे बारा टेबलं, आणि मी तिथला मॅनेजर. पोस्टमधला मी मात्र फार मोठा माणूस होतो. सल्ला नावापुरता, आरती स्वतःचीच.

मागच्या हिवाळ्यात तेल्हाऱ्याकडची एक चाळिशीची बाई मुलाखतीला आली. अकोल्यात एका कापडदुकानाच्या काउंटरवर तिने सात वर्षं काढली होती. आमचं काम शेतकऱ्यांशी फोनवर बोलायचं, आणि तिच्याइतकं नेमकं बोलणारं त्या दिवशी दुसरं कोणी आलं नव्हतं. जाताना तिने पिशवीतून घरच्या तुरीच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत, मग ते दार ऑफिसचं का असेना. शेंगा आम्ही उकडून खाल्ल्या. पुण्याच्या हेड ऑफिसने इंग्रजी येणारी दुसरी मुलगी घेतली. मला वाईट वाटलं, पण मी भांडलो नाही. या बाईला नकार कळवायचं तेवढं आज-उद्यावर ढकलत राहिलो.

शेंगा मात्र मी वाया जाऊ दिल्या नाहीत. लिहिलं, "तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने तुरीच्या शेंगा आणल्या. मी तिला तिथल्या तिथे नोकरी दिली. कागद बघू नका, माणूस बघा." बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण लोकांनी डोक्यावर घेतलं. खाली प्रतिक्रियांचा ढीग लागला आणि मी एकही न वाचता प्रत्येकीला लाल बदाम देत सुटलो.

सोमवारी ती जेवणाचा डबा घेऊन ऑफिसात हजर. तिच्या भाचीने तिला पोस्ट दाखवली होती. शेंगांवरून तिने स्वतःला ओळखलं आणि भाचीच्याच खात्यावरून खाली लिहिलं, "आभारी आहे सर. दुकान सोडते, सोमवारी येते." त्यालाही माझा बदाम होता.

मी चाचरत सांगितलं की जागा भरली आहे, ते लिहिणं म्हणजे आपला लोकांसाठी सल्ला होता. दुकानात परत जाता येईल का, असंही विचारलं. तिथे दुसरी बाई लागली, असं ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. डबा पिशवीत नीट आडवा ठेवून ती उठली.

"मले घेतलं म्हून लिवलं, ते तेवढं काढून टाका सर. गावात सारे वाचून राहिले."

मी हो म्हणालो.

संध्याकाळी काढायला म्हणून पोस्ट उघडली. पुण्याच्या साहेबांनी ती दुपारीच पुढे पाठवली होती, वर लिहिलं होतं, 'आमच्या मॅनेजरचा अभिमान वाटतो.' मी त्यांनाही बदाम दिला. पोस्ट अजून तिथेच आहे.