वरवट बकालचा चिमटा

"अबे पाह्य, पोट्टी गाडी चालवून राह्यली अन् मानूस मांगं बसला!"

पोट्टी म्हणजे मुलगी, आणि ती पोट्टी मी. मागे बसलेला माणूस म्हणजे माझे मामा. वरवट बकालच्या बाजारात शिरताना हे वाक्य कानावर पडलं आणि माझे कान तापले. एरवीही मी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. त्या क्षणी तर समोरची शेळीसुद्धा मला अगदी जवळ आल्यावर दिसली. मी ब्रेक दाबला. मोटारसायकलनं पुढच्या बाजूनं खाडकन बुडी मारली, चाक घसरत घसरत थांबलं, आणि शेळी काहीच न झाल्यासारखी निघून गेली.

खाली पाहिलं तर पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांवरून तेल ओघळत होतं. धूळ बसून त्याचा काळा चिखल झाला होता.

मामा संग्रामपूरला शेतीखात्यात आहेत. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा निकामी झाला आणि गाडी पडवीत उभी राहिली. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत त्यांनीच मला ती रिकाम्या खळ्यावर शिकवली होती. आता खामगावचा एक व्यापारी ती मोडीत घ्यायला तयार होता. मी पुण्याहून आले तेव्हा बोलणं जवळजवळ ठरलंच होतं. मी फक्त रोज सकाळी गाडी पुसत बसले. ती मला हवी आहे, हे मामांना कळलं असावं.

"खामगावपर्यंत स्वतः चालवत ने," ते म्हणाले. "पोचलीस तर तुझी. वाटेत ट्रकात चढवावी लागली, तर व्यापाऱ्याची."

सकाळी निघालो तेव्हा पाठीशी सातपुड्याची निळी रांग होती आणि पुढे काळी सपाट शेतं, त्यांत पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) भारे. वारा तोंडावर येत होता आणि मामा मागे गुणगुणत होते. खामगाव मला जिंकल्यातच जमा वाटत होतं. आणि पहिल्याच मोठ्या गावात ही अशी थांबले.

बाजाराच्या कडेला किसनभाऊ मिस्त्रींचं दुकान होतं. विहिरींवरची तेलाची इंजिनं ते दुरुस्त करत.

"काटा गळतोय," मी त्यांना सांगितलं. गाडीच्या इंग्रजी पुस्तिकेत या नळ्यांच्या जोडीला 'फोर्क' म्हटलं होतं, आणि शाळेत आम्ही फोर्कनं, म्हणजे काट्यानं, जेवत असू. मला दुसरा शब्द ठाऊक नव्हता.

किसनभाऊ उकिडवे बसले आणि टायरवरून हात फिरवत सगळं चाक तपासलं. "काटा त कुठंच नाही, बाई. हवा बी पक्की हाय."

"हे," मी नळीवर बोट ठेवलं.

"हा त चिमटा हाय!" ते मामांकडे वळले. "सायेब, चिमटा काढा लागते."

मी पटकन मागे सरले आणि कोपरं अंगाशी घेतली. शेजारचा चहावाला ओरडला, "भेऊ नका बाई, तुमाले नाही, गाडीले काढाचा हाय!"

सगळा बाजार हसला. मलाही हसू आवरेना.

किसनभाऊंनी गाडीखाली लाकडी ठोकळा सारला, चाक काढलं, वरचे नट सैल केले आणि दोन्ही नळ्या खाली ओढून घेतल्या. आतलं तेल डबड्यात पडलं तेव्हा कुजक्या मासळीसारखा वास सुटला. नळीला घट्ट धरून तेल आत अडवणारी रबराची कडी, म्हणजे सील, वाळून चिरली होती. इंजिनाच्या सामानातून शोधून शोधून त्यांनी तेवढ्याच मापाची जोडी काढली.

तेवढ्यात कापसाच्या गाठींचा एक ट्रक दुकानासमोर थांबला. "खामगावले चाललो सायेब. टाकू का गाडी वर?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी धुऊन ठेवलेल्या नळीवरून हात फिरवत होते, आणि एका जागी माझं नख अडकलं.

"थांबा," मी म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणाले, "थांबा. इथं नख अडकतंय."

किसनभाऊंनी डोळे मिटून बोट फिरवलं. "मले त काई लागत नाही. माह्या बोटाले घट्टे पडले, बाई." मग त्यांनी नळी उन्हात तिरपी धरली. गंजाचा एक बारीक खड्डा चमकला. "खाऱ्या पान्यानं खाल्लं. गाडी विहिरीच्या पान्यानं धुतली असन."

"धुतली," मामा म्हणाले. पूर्णेच्या या भागात विहिरींना खारं पाणी लागतं. मघाशी घेतलेला चहाही मला खारट लागला होता. तसं म्हटल्यावर चहावाला म्हणाला होता, "मिठाचे पैसे नाही घेत आमी."

"मंग नवीन सील बी हा खड्डा कापून टाकन," किसनभाऊ नळी खाली ठेवत म्हणाले. "नळीच नवी पाह्यजे. ते इथं भेटत नाही."

ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. मामा काठीवर भार देऊन उठले. "नलू, बघ बाई."

मी पाहत होते ते समोर. निंबाखाली एक कल्हईवाले चाचा एका हातानं भाता ओढत होते आणि दुसऱ्या हातानं पितळी पातेल्याचं भोक कथलानं बुजवत होते.

"त्यांचं कथील यात बसेल का?" मी विचारलं.

किसनभाऊंनी एकदा नळीकडे पाहिलं, एकदा चाचांकडे. "अरे बाप्पा! पाहू तं खरं."

चाचांनी नळी हातात घेतली, उलटसुलट केली. "मोटारसायकलले कल्हई? काऊन बाई, यात वरन शिजवाचं हाय का?"

ट्रकवाला पुन्हा भोंगा वाजवणार, तेवढ्यात मी म्हटलं, "मामा, ट्रक जाऊ द्या."

ट्रक गेला. किसनभाऊंनी सुईनं गंज खरवडला. चाचांनी नवसागर चोळला, तापल्या लोखंडानं कथलाचा एक थेंब सोडला. पांढरा धूर उठला आणि खड्डा भरला. मग किसनभाऊ तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं तो घासत बसले. मधूनमधून नळी माझ्यापुढे धरत. "लावा नख."

"अजून अडकतंय."

"आता?"

"थोडं."

"आता?"

नख काचेवरून सरकावं तसं सरकलं.

नळीच्या टोकाला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून त्यांनी नवं सील त्यावरून अलगद उतरवलं, म्हणजे त्याची कड चिरणार नाही. वर जुनं सील ठेवून लाकडानं चहूबाजूंनी हलके ठोकत ते बसवलं. तेल चहाच्या पेल्यानं मोजून दोन्हीकडे सारखं घातलं, आणि चिमटा नि चाक पुन्हा जोडलं. किसनभाऊंच्या घरून भाकर, आलूवांग्याची भाजी आणि ठेचा आला. तेलकट हातांनीच आम्ही जेवलो. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी आणखी मागितला.

निघताना चाचा म्हणाले, "गळली त घेऊन ये. पातेलं समजून फुकट करून देईन."

पूर्णेकडे उतरताना समोरून बैलगाडी आली. मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक हळूच खाली गेलं आणि तितकंच हळू वर आलं. नदी ओलांडल्यावर मी थांबून दोन्ही नळ्या पुसल्या. रुमाल कोरडा. मामांनी मागून माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे शेगावच्या रस्त्यावर कुणी कुणी थांबून आमच्याकडे पाहत होते. मी मान खाली घातली नाही. आणखी लांब रस्ता असता तरी मला चालला असता.

पुण्याला परतल्यावर मैत्रिणींनी विचारलं, बुलढाण्यात पाहण्यासारखं काय आहे? मी सातपुडा सांगितला, पूर्णा सांगितली. पण मला आठवत होता तो बाजार. तिथं माझ्या नखाच्या भरवशावर दोन माणसांनी आपलं काम पुन्हा पुन्हा केलं होतं. मी इतकी वर्षं इतकं कमी का बोलत आले, ते मला तिथं कळेनासं झालं.

त्या दिवशी खामगावला पोचलो तेव्हा व्यापारी मामांच्या मित्राच्या ओट्यावर वाट पाहत बसला होता. तो उठला, गाडीभोवती फिरला, टायर दाबून पाहिले. मी अजून गाडीवरच बसले होते. तो मात्र मामांशीच बोलत होता.

"चालत आली म्हनजे बरीच म्हनायची. बोला सायेब, केव्हा उचलू?"

मामा काठी टेकून उभे राहिले. व्यापाऱ्यानं पुन्हा विचारलं. मामा माझ्याकडे पाहत राहिले. मी गाडीवरून उतरले, चावी काढून मुठीत धरली, आणि पलीकडच्या दुकानातल्या शिंप्यानंही मान वर करावी इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"मला विचारा. गाडी माझी आहे, आणि ती विकायची नाही."