चाकाखालचं लिंबू

यवतमाळहून आदिलाबादची एसटी सुटली तेव्हाच मला उतरून परत जावंसं वाटलं होतं. मारोतीकाकांचं पत्र खिशात होतं. 'रविवारी डावं इंजिन चालू करून राह्यलो. तू ये.' आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या आमच्या गावातला पहिला पदवीधर मी, आणि तो काकांमुळे. हैदराबादला ते विमानांचे मेकॅनिक होते, तेव्हा कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्याच खोलीत राहिलो. त्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं. पण मला फटाक्याचीसुद्धा भीती वाटते.

पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची लिपी बदलते. शेतं मात्र तीच, वेचणीला आलेल्या कापसाची.

काकांचं 'विमानघर' आदिलाबादबाहेर, बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या आवारात आहे. निवृत्तीनंतर त्यांनी भंगारात निघालेलं एक जुनं डकोटा प्रवासी विमान तुकड्यातुकड्यांनी ट्रकवरून इथं आणलं. दर रविवारी पाच-सहा जण घरून भाकरी बांधून येतात आणि ते जोडतात. पगार कुणालाच नाही. निर्मल गावच्या एका खेळणी करणाऱ्या कारागिरानं दाराची चौकट बसवली आहे. खुर्च्यांत बेल्याचा कापूस भरला आहे. बघायला येणारी माणसं चपला बाहेर काढून आत जातात.

भाकर आणि अंबाडीची भाजी तशीच ठेवून मी इंजिनापुढच्या पंख्याकडे बघत बसलो. वायरमन नर्सय्या हसला. "डर लगता क्या, सार?"

"भेऊ दे त्याले," काका म्हणाले. "गजू, ब्रेकमंदी अजून दम नाही. विमान या लाकडी ठोकळ्यायच्या भरवशावर उभं हाय. अन् पंखा फिरू लागला का दिसत नाही. म्हणून भेत राह्य."

समोर वीस पावलांवर दोरी बांधली होती. तिच्यापलीकडे गावकरी जमले होते. काकू पूजेचं ताट घेऊन आल्या, नारळ फुटला. नर्सय्यानं माझ्या हातात 'निम्मकाय' (लिंबू) दिलं. मी ते ठोकळ्याजवळ ठेवलं.

"असं नाही, बाप्पा," काकू म्हणाल्या. "चाकाखाली दबलं पायजे. नाईतं नव्या टॅक्टरच्या चाकाखाली काऊन ठेवते?"

डावा ठोकळा चाकाला घट्ट टेकलेला होता. मी तो ओढून बाजूला केला आणि लिंबू सरकवलं. तेवढ्यात वर चालकाच्या जागी बसलेल्या काकांनी आगीसाठी रेतीची बादली आणायला सांगितलं. मी धावलो.

इंजिन दोनदा खोकलं. मग पांढरा धूर आला आणि असा आवाज झाला की माझ्या फासळ्या हादरल्या. पंखा खरंच दिसेना. लिंबू फुटलेलं मात्र दिसलं. डावं चाक पुढं सरकत होतं, उजवं जागीच होतं, आणि अख्खं विमान वळत दोरीकडे निघालं होतं. ताट घेतलेल्या काकू दोरीच्या अलीकडे होत्या. बादली हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

नर्सय्या मागच्या बाजूनं विमानाच्या पंखाखाली घुसला आणि त्यानं पायानं ठोकळा चाकापुढं लोटला. विमान गचकन थांबलं. वर काकांनी इंजिन बंद केलं.

काका उतरले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "ठोकळे पाह्याचं काम कोनाचं होतं?"

"मेरा," नर्सय्या म्हणाला.

"मंग पुढच्या रविवारपासून येऊ नको."

नर्सय्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पायाला लागलेली माती झटकत होता. पंख्याची वाटली नव्हती इतकी भीती मला त्या क्षणी वाटली. काकांच्या नजरेतून उतरलो तर माझं काय उरणार होतं?

"काका, ठोकळा मी काढला."

काकांनी फुटलेल्या लिंबाकडे पाहिलं. "माह्या खोलीत तीन वर्सं राह्यला तू," एवढंच म्हणाले. मग नर्सय्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा चालू करू. आता ठोकळ्यायपाशी तू बस, गजू."

काकूंनी दुसरं लिंबू ठोकळ्यालाच बांधलं. इंजिन पाच मिनिटं चाललं. तेवढा वेळ मी डोळे मिटले नाहीत.

संध्याकाळी आदिलाबाद स्टँडवर एसटीत चढण्याआधी मी वाकून चाकाखाली पाहिलं.

"काय पडलं, भाऊ?" कंडक्टरनं विचारलं.

"काही नाही."

अजूनही मी प्रत्येक गाडीखाली पाहतो. माझी भीती गेलेली नाही, आणि ती जावी असं आता मला वाटत नाही.