बाबांचे पाण्यासमोरचे चार दिवस

"पानी पाहाले कोनी जाते का बाई? पानी राखाले जातेत."

मी नऊ-दहा वर्षांची असताना बाबा हे म्हणाले होते. सिहोऱ्याला, आमच्या गावी, श्रावणातल्या एका सकाळी, मी त्यांच्यामागे शेतावर जायचा हट्ट धरला तेव्हा. मातीची पाळ घालून पाडलेल्या धानाच्या बांध्या काठोकाठ भरल्यात, मला ते पाणी बघायचंय... एवढंच माझं म्हणणं होतं. त्यांनी नेलं नाही.

आता मी रोज पाणी बघते. तीन वर्षांपूर्वी आम्ही गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरजवळ, उंचवट्यावर घर बांधलं. नवऱ्याची शाळा जवळ, आणि जागा बघायला गेलो तेव्हा समोरचं पाणी बघूनच आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. गॅलरीचं दार उघडलं की समोर पाणीच पाणी... धुकं असलं की पलीकडचा काठसुद्धा दिसत नाही. नणंद चिडवते, वहिनीनं भंडारा जिल्ह्यात राहून सी-व्ह्यू घेतला म्हणून.

पहाटे पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असतं. मधली रेघ शोधावी लागते. मासे धरणाऱ्या ढिवरांची एखादी डोंगी त्या रंगात नुसती टांगल्यासारखी दिसते. मग ऊन वर येतं आणि गॅलरीच्या छतावर पाण्याची जाळी हलायला लागते. तीन वर्षं झाली, तरी माझा चहा अजून हातातच निवतो.

आई गेल्यापासून बाबा सिहोऱ्याला एकटेच असतात. यंदा भादव्यात शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, चक्कर येऊन पडले, आणि तासभर कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून मी मागे लागले होते, की आता इथेच या राहायला. शेवटी कोजागिरीच्या आधी चार दिवसांसाठी आले. एसटीनं, पिशवीत घरचे तांदूळ आणि लाखोरीची डाळ घेऊन. एकदा हे पाणी बघितलं की मन रमेल, अशी माझी खात्री होती.

पहिल्या दिवशी त्यांना गॅलरीत खुर्ची टाकून दिली. खूप वेळ बसले. "लय पानी आहे," एवढंच म्हणाले. मी पाठमोरा फोटो काढून स्टेटसला ठेवला... कित्येकींनी विचारलं, बाबा आता तुझ्याकडेच का?

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. असा वारा असला की लाटा खालच्या दगडांवर आपटत राहतात, एका लयीत. मला त्या आवाजात सगळ्यात गाढ झोप लागते. बाबा आतल्या खोलीत झोपले होते, मी मेथी निवडत होते.

अचानक दार उघडलं आणि बाबा अनवाणी अंगणात. "पावडा कुठी आहे? बांधी फुटली, पानी चाललं."

मी उठेपर्यंत बागेतला पावडा त्यांच्या खांद्यावर होता आणि ते उतार उतरत होते. शहात्तर वर्षांचा माणूस, महिन्यापूर्वी चक्कर येऊन पडलेला... आणि त्या चालीत म्हातारपण नव्हतंच. मी धावले.

खाली शेवंताबाई म्हशी पाण्यावर घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे दूध त्याच घालतात. बाबांना बघून म्हणाल्या, "बाबाजी, पावडा घेऊन कुठी चालले? हे पानी पावड्यानं नाही हटत."

बाबा थांबले. समोर बघितलं, खांद्यावरचा पावडा बघितला, आणि स्वतःशीच हसले. ओशाळले होते. मी हात धरून घरी नेणार, तेवढ्यात त्यांनी मला विचारलं, "याच्या खाली बांध्या असतीन न? कोनाच्या?"

तीन वर्षांत या पाण्याचे शेकडो फोटो काढले, आणि त्याखालच्या एकाही शेताचं नाव मला माहीत नव्हतं.

शेवंताबाईंनी सांगितलं. त्यांचं जुनं गाव तिथेच होतं, धरणात गेलं; आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात. बोट दाखवून सांगत गेल्या... दूर त्या जाळ्याच्या काठीपाशी दिराची शेती, त्याच्या अलीकडे त्यांच्या सात बांध्या. पहिलीचं पाणी दुसरीत, दुसरीचं तिसरीत. बाबा पावड्यावर हात टेकून विचारत होते. माती कशी होती, धान कोणतं लावायचे, पाणी कोणत्या बाजूनं घ्यायचे. म्हशी कंटाळून आपल्या आपण घरी निघून गेल्या, तरी यांचं संपेना.

मी बाजूला उभी होते. तेच पाणी, तोच वारा. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा तळ दिसला... धुरे, पाटाच्या वाटा, कुणीतरी उचलून घातलेली एकेक पाळ. इतकं मोठं ते मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा निघाले. उशिरा पिकणारं भारी धान पोटरीत आहे, लोंबी फुटायच्या बेतात, आणि कालव्याच्या पाण्याची पाळी आहे, म्हणाले. एसटीची वाट बघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घर चांगलं आहे तुहं. पन मले इथी झोप नाही लागत. सारखं पानी चालल्यावानी वाटते."

ज्या आवाजानं मी झोपते, त्या आवाजाला हा माणूस साठ वर्षं दचकून उठत आलाय. आमचं ताट त्या उठण्यावर भरलं. हे मला आत्ता, या वयात कळलं...

आता त्यांना 'इथे आराम करा' म्हणायचं नाही, असं मी ठरवलंय. संध्याकाळी फोन करणार आहे. नाहीच म्हणतील, तेही ठाऊक आहे. तरी विचारणार आहे.

"बाबा, धान मळून झालं की महिनाभर याल का? घरामागे दोन गुंठे जागा पडीक आहे. तिची बांधी कशी पाडायची, ते मला शिकवाल?"