पांडूशेठच्या गाडीचा कार्बोरेटर

आधीच सांगून टाकतो — भूतबीत आपण मानत नाही. मूळचा रत्नागिरीचा, म्हणजे जिथे प्रत्येक वडापिंपळाला एक मालक असतो तिथला... तरीसुद्धा नाही. मेकॅनिक माणूस मी. गाडी बंद पडली तर तिला कारण असतं, हाच माझा धर्म. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. भाईंदर स्टेशनजवळ माझं छोटं गॅरेज होतं. जवळच्याच मुर्धा गावाहून तुळसाकाकींचा निरोप आला. त्यांचे यजमान पांडूशेठ आदल्या वर्षी वारले. त्यांची जुनी इंग्लिश गाडी घराला लागून असलेल्या शेडमध्ये पडून, आणि मुलीचं, हिराचं, लग्न तोंडावर. "माझी हिरा सासरी जाईल ती माझ्याच गाडीतून," असं पांडूशेठ अख्ख्या गावाला सांगत फिरायचे. आता हिरा हट्टाला पेटलेली — दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणजे नाही!

गाडी सुरू व्हायची आणि आचके देऊन बंद पडायची. कार्बोरेटर उघडला तर काय, कोणा दीडशहाण्याने त्याचा जेट तार घालून साफ केलेला! जेट म्हणजे पितळेचा मण्याएवढा तुकडा, मधे केसाएवढं भोक. पेट्रोल किती जायचं ते त्या भोकावर ठरतं. ते मोठं झालं की कारभार आटोपला. नवीन आणावा, तर कार्बोरेटर कुठल्या गाडीचा तेच कळेना. मूळचा नव्हताच तो, पांडूशेठनी कुठून तरी आणून बसवलेला. कंपनीच्या नावाची पट्टी उडालेली, अंगावरचा नंबर घासून गेलेला. मुंबईला जाऊन जुन्या पार्टची दुकानं पालथी घातली, मूठभर जेट आणले. एकही बसेना. डोकं आउट!

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे पार्ट धुऊन पेपरवर मांडले, शेडला कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि काकींकडे जेवायला बसलो. काकी समोर बसलेल्या, हिरा वाढत होती. हातात हिरवा चुडा, पण पोरीचं सगळं लक्ष शेडकडे. मी भराभर जेवून उठलो.

परत येऊन कुलूप काढतो तर पेपर रिकामा! पार्ट खिळ्याला टांगलेले — जाळं विणायच्या सुतात एकामागोमाग ओवून, बोंबील वाळत घालतात तसे. मी ओरडलोच, "कोण आलं होतं इथे? मस्करी करताय काय माझी?"

काकी धावत आल्या. सुताकडे बघितलं आणि गाठीवरून बोट फिरवलं.

"मिस्त्री, ह्यो ह्यांचा हात हाय. काय बी खोललं का असंच ओवून ठेवायचे. गाठ सोडायची, येकेक काढायचा नि लावत जायचा, म्हंजी चूक न्हाय व्हायची."

"अहो काकी, कुलूप होतं! चावी माझ्याकडे!"

"मंग मी कुठं न्हाय म्हनते?"

पार्ट तपासले. माझे सगळे होते... आणि एक जेट जास्त. मी आणलेल्यांपैकी नव्हे. वापरातला, पण भोक शाबूत. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा उत्सुकता जबर — बघू तरी, बसतो का! आट्यांवर ठेवला, अलगद फिरत आत गेला. मग सुतावरून एकेक काढत लावत गेलो. सगळं क्रमाने हाताला येत होतं. स्टार्टर मारला... इंजिन असं लागलं की बस रे बस!

आवाज ऐकून हिरा आली. "बाबांनी केलं ना?" तिने आईला विचारलं. उत्तराला थांबलीच नाही. शेडचे कोपरे बघितले, गाडीच्या मागे बघितलं, वाकून खालीसुद्धा बघितलं. मग रडायला लागली. "मला न भेटताच गेले?"

दुसऱ्या दिवशी ती त्याच गाडीतून सासरी गेली.

दुसरी चावी होती का? नव्हती. पत्रा उचकटलेला? नाही. पुढे कितीतरी जाणकारांना विचारलं, तो कार्बोरेटर कुठल्या गाडीचा आणि तो जेट कुठून आला... आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. बरं, नाही कळलं तरी चालेल. पण पांडूशेठ, कधी भेटलात तर मी भांडणार आहे तुमच्याशी. एवढं आलात, एवढं केलंत... पोरगी भिंतीपलीकडे भात वाढत होती हो. एक हाक मारायला काय झालं होतं?