इंद्राला भाकर देणारी म्हातारी

हे मी आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडू दिलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही. जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी — जमेल तसं लिहिते.

आमच्या शहागडात शूटिंग आलं होतं. पिच्चर तुम्ही पाहिला नसणार, पडला तो. स्वर्गातले देव कंटाळून खाली येतात आणि हायवेवर ट्रकवाल्यांना हात करतात, अशी गोष्ट. इंद्राचा मुकुट पुठ्ठ्याचा. यमाला रेडा मिळाला नाही म्हणून गावातली दुभती म्हैस आणली. धारेची वेळ झाली की मालकीण शूटिंग थांबवायची, आणि यम दावं धरून उभा. रद्दी काम सगळं. पण काय मजा होती म्हणून सांगू? चुली बंद, शेतं रिकामी, सगळं गाव गोदावरीच्या पुलाखाली.

त्यांना एक म्हातारी पाहिजे होती — भुकेल्या इंद्राला भाकर देणारी. डायरेक्टरनं माझी धाकटी जाऊ निवडली, सरू. का निवडणार नाही? हसली की गालाला खळी पडते. पुढचे दोन दात नाहीत, तरी मोकळी हसायची. मी तिला खेटून उभी होते. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

सरू नवं लुगडं नेसायला घरी पळाली. आणि मी — मी डायरेक्टरकडं गेले.

"साहेब, तिच्या अंगात येतं. मुकुटवाला देव पाहिला की घुमायला लागंल. मंग कुणाला आवरायची न्हाई."

इंद्र खुर्चीतून उठलाच. "मारती का?"

"गेल्या जत्रंत पुजाऱ्याला चावल्ती."

बिलकुल खोटं. सरूच्या अंगात कधी काही आलेलं नाही.

ती परत आली तेव्हा भाकर माझ्या हातात होती. "आक्का, मला कामून काढलं?"

इथं तरी गप्प बसता आलं असतं की नाही? मी म्हणाले, "तुझे दात, बाई. बरे दिसत न्हाईत म्हणले."

मग मी भाकर दिली. इंद्राची मिशी निघून ठेच्यात पडली, गाव लोळून हसलं, मी पण हसले. खोटं कशाला लिहू — माझ्या लग्नातही मी एवढी खूश नव्हते.

त्या दिवसापासून सरू तोंडाला पदर लावून हसते. नातवाच्या बारशाच्या एकाही फोटोत तिचं तोंड नाही.

परवा सुनेला मोबाईलवर तो पिच्चर सापडला. सरू माझ्याशेजारीच बसली होती. मी दिसले न दिसले तोच संपलं. सरूनंच पुन्हा लावायला लावलं. म्हणाली, "आक्का, बराबर केलं त्यांनी. माझे दात चारचौघात कुठं दाखवायचे?" आणि पदराआड हसली.

मी तिच्याकडं पाहिलं नाही. सुनेला म्हणाले, "लाव गं अजून एकदा."